स्मार्ट सिटीमुळे शहराचा कार्बन खरंच कमी होतो का? (मुंबईच्या आकड्यांसकट बोलूया)

वरळीचा वारा

स्मार्ट सिटी मिशन २५ जून २०१५ ला सुरू झालं आणि ३१ मार्च २०२५ ला गुंडाळलं गेलं. शंभर शहरं, आणि शंभरही ठिकाणी भिंतभर स्क्रीन लावलेलं एकेक कमांड सेंटर. महाराष्ट्रातून आठ : पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड. ऑगस्ट २०१५ च्या ९८ शहरांच्या यादीत बृहन्मुंबई होती. पुढे स्वतंत्र कंपनी (एसपीव्ही) काढायची की नाही यावरून महापालिकेत रणकंदन झालं आणि शेवटच्या शंभरात मुंबई आलीच नाही. तरी एलईडी, कॅमेरे, सिग्नलची यंत्रणा, ई-बस हे सगळं मुंबईत आपापल्या वाटेने येतच राहिलं.

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. त्यात २०१९ चं उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन, म्हणजे माणशी १.८ टन धरलंय. वाटणी अशी : ऊर्जा ७२ टक्के, वाहतूक २०, कचरा ८. उद्दिष्ट २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ आणि २०५० ला नक्त शून्य.

प्रश्न साधा आहे. 'स्मार्ट' म्हणून जी कामं होतात त्यांनी या २ कोटी ३४ लाखातले किती टन हलतात? आणि 'कार्बन कार्यक्षमता' हा जो शब्द अहवालांत सारखा येतो, तो मोजतात कसा? जाणकारांनी आकडे घेऊन यावं. भाषणं नकोत, ती टीव्हीवर फुकट मिळतात.

कटिंग

पहिला नंबर. पॉपकॉर्न इंडक्शनवर भाजलेत, ग्रिडचा हिशोब कुणीतरी लावा.

फीडर पिलर

रस्त्यावरच्या दिव्यापासून सुरू करतो, कारण सगळ्या सादरीकरणांत पहिला फोटो त्याचाच असतो.

जुना २५० वॅटचा सोडियम दिवा चोकसकट २८० वॅट खायचा. त्याजागी ११० वॅटचा एलईडी. फरक १७० वॅट. मुंबईत वर्षाची सरासरी धरली तर दिवा रोज साडेअकरा तास जळतो. १७० × ११.५ × ३६५ = सुमारे ७१४ युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकडेवारीत देशाच्या ग्रिडचा उत्सर्जन गुणांक युनिटला ०.७१ ते ०.७३ किलोच्या दरम्यान आहे. ०.७२ धरा. एका दिव्यामागे वर्षाला ५१४ किलो.

एक लाख दिवे बदलले तर ५१ हजार टन. २ कोटी ३४ लाखाच्या तुलनेत ०.२२ टक्के.

काम वाईट आहे असं नाही. युनिटला ८ रुपये धरले तरी दिव्यामागे वर्षाला पाच हजार सातशे रुपये वाचतात, म्हणजे पैसे वसूल होतातच. फक्त याला 'शहर हरित झालं' म्हणू नये.

डबलडेकर

०.२२ टक्के!! आणि उद्घाटनाला फलक केवढा होता.

आकडेमोड

आधी व्याख्या, नाहीतर पुढे सगळे वेगवेगळ्या गोष्टींवर भांडतील.

कार्बन कार्यक्षमता ढोबळमानाने तीन तऱ्हांनी मोजतात. सगळ्यात सोपी : उत्पन्न भागिले उत्सर्जन, एक टन कार्बनमागे किती रुपयांची उलाढाल. दुसरी, माणशी उत्सर्जन. तिसरी शोधनिबंधांत असते. मजूर, भांडवल आणि ऊर्जा ही आत जाणारी, उत्पन्न हे बाहेर येणारं हवंसं, कार्बन हे बाहेर येणारं नकोसं. सगळ्या शहरांत उत्तम ठरणाऱ्यांना जोडून आलेखावर सीमारेषा आखायची आणि प्रत्येक शहर त्या रेषेपासून किती लांब आहे ते बघायचं. रेषेवरच्या शहराला १ गुण.

तिन्हींची गोम एकच. हे सगळे भागाकार आहेत. उत्पन्न ८ टक्क्यांनी वाढलं आणि उत्सर्जन ५ टक्क्यांनी वाढलं तर कार्यक्षमता 'सुधारली', आणि हवेत कार्बन मात्र जास्तच गेला.

या विषयावरचे बरेचसे अभ्यास चीनचे आहेत. तिथे गृहनिर्माण मंत्रालयाने जानेवारी २०१३ मध्ये ९० ठिकाणांची पहिली स्मार्ट सिटी यादी जाहीर केली, नंतर आणखी दोन याद्या आल्या. सगळी शहरं एकदम यादीत आली नाहीत, त्यामुळे 'आलेली' आणि 'न आलेली' यांची आधी-नंतर तुलना करता येते. बहुतेकांना सुधारणा दिसते. कारणं देतात ती अशी : कारखानदारीकडून सेवाक्षेत्राकडे सरकणं, नवं तंत्रज्ञान, ऊर्जेची उधळपट्टी कमी होणं.

पण दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवून वाचायला हवं. त्याच काळात तिथे कमी-कार्बन शहरांची वेगळी योजना (२०१० पासून) आणि सात ठिकाणी कार्बन बाजाराचे प्रयोग (२०१३ पासून) चालू होते. बरीच शहरं दोन-तीन याद्यांत एकाच वेळी आहेत. श्रेय कुणाला द्यायचं? आणि भट्टी शहरातून उचलून शेजारच्या जिल्ह्यात नेली तर शहर कार्यक्षम होतं, देश होत नाही.

कटिंग

म्हणजे आमच्या गिरण्या गेल्या तेव्हा परळ एका रात्रीत कार्यक्षम झालं म्हणा की.

आकडेमोड

@कटिंग, विनोद म्हणून लिहिलंत, पण आकड्यांत अगदी हेच दिसतं. गिरणीच्या जागी काचेचा मनोरा आला. चौरस फुटामागे उलाढाल कितीतरी पट, कापड दुसरीकडे विणलं जातंय आणि त्याचा कार्बन तिथल्या खात्यात पडतोय.

चिलर (चिल्लर नव्हे)

काचेचा मनोरा म्हटल्यावर राहवत नाही. मुंबईत विजेचा खरा राक्षस एसी आहे, आणि इमारतीतली स्मार्ट यंत्रणा नेमकी तिथेच नापास होते.

मोठ्या कार्यालयी इमारतीत पाण्याने थंड होणारं चिलर असतं. चांगलं चालवलं तर एका टनामागे (हा टन थंडाव्याच्या क्षमतेचा, कार्बनचा नव्हे) ०.६ ते ०.६५ किलोवॅट. प्रत्यक्षात पंप-पंख्यांचा बेबंदपणा धरून ०.९५ पर्यंत गेलेले प्लांट सर्रास असतात. ५०० टनांचा प्लांट वर्षाला ३००० तास, टनामागे ०.३ चा फरक : साडेचार लाख युनिट, ३२४ टन कार्बन. फीडर पिलर यांच्या हिशोबाने ६३० दिवे. एका तळघरात.

बिघडतं काय? जाणाऱ्या आणि परतणाऱ्या थंड पाण्यात साडेपाच-सहा अंशांचा फरक ठेवून आराखडा केलेला असतो. परतीचं पाणी तीनच अंश तापून आलं की तेवढ्याच थंडाव्यासाठी दुप्पट पाणी फिरवावं लागतं. मग दुसरा पंप लावतात, त्यामागे दुसरं चिलर, आणि दोन्ही अर्ध्या भारावर धापा टाकतात. बहुतेकदा याचं मूळ म्हणजे एअर हँडलिंग युनिटचा (मजल्यावर थंड हवा सोडणाऱ्या यंत्राचा) अडकलेला व्हॉल्व्ह किंवा मळलेली कॉइल. व्हॉल्व्हची मोटर जळली की माणूस तो हाताने पूर्ण उघडून ठेवतो, कारण वरून 'गरम होतंय' असा फोन आलेला असतो.

त्यानंतर बीएमएसच्या (इमारतीची यंत्रं चालवणाऱ्या संगणक यंत्रणेच्या) स्क्रीनवर पन्नास ठिकाणी 'हँड' दिसतं आणि 'ऑटो' औषधालाही नसतं. तीन वर्षांत एकदाही सेन्सर तपासलेले नसतात. परतीच्या हवेतला तापमापक दोन अंश चुकला तर अख्खा मजला दोन अंश जास्त थंड होतो. सेट पॉइंटमधला (ठरवून दिलेल्या तापमानातला) एक अंश म्हणजे साधारण ६ टक्के वीज, हे बीईईचंच (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं) गणित. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या एसींना कारखान्यातूनच २४ अंशांची सेटिंग आली.

सॉफ्टवेअर घ्यायला पैसे मिळतात. व्हॉल्व्ह बदलायला मागितले तर 'पुढच्या वर्षी बघू'.

सातवा मजला

चिलरराव, सोसायटीतल्या साध्या स्प्लिट एसीचं काय? तिथे ना बीएमएस ना तळघर.

चिलर (चिल्लर नव्हे)

तिथे भिंती आणि खिडक्या. इको निवास संहितेत (घरांच्या इमारतींसाठीची केंद्राची ऊर्जा नियमावली, २०१८) बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट ठेवलीय, छप्पर वेगळं. पश्चिमेची काच जमिनीपासून छतापर्यंत लावली की ती मर्यादा मोडलीच. काचेच्या आतून पडदा लावलात तर ऊन आधीच आत आलेलं असतं. छज्जा, चिक, जाळी, काय ते काचेच्या बाहेर हवं. आपल्या जुन्या चाळींच्या गॅलऱ्या हेच काम करायच्या, त्याला ॲप लागत नव्हतं. आणि एसीचं बाहेरचं युनिट डक्टमध्ये कोंबू नका. सात मजल्यांची सात युनिटं एकावर एक लावली की वरच्याला खालच्यांची गरम हवा मिळते आणि त्याचं बिल फुगतं. सातव्या मजल्यावाल्यांना हे वेगळं सांगायला नकोच.

डबलडेकर

आता वाहतूक. 'ई-बस म्हणजे शून्य उत्सर्जन' हे बसच्या अंगावर लिहिलेलं असतं, त्याचा हिशोब.

१२ मीटरची एसी इलेक्ट्रिक बस किलोमीटरला साधारण १.३ युनिट खाते. चार्जरमध्ये १० टक्के जातात : १.४३. गुणिले ०.७२ = १.०३ किलो. तशीच डिझेल एसी बस लिटरला २.३ किलोमीटर देते, डिझेलच्या लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे १.१७ किलो. आजच्या ग्रिडवर फरक जेमतेम १२ टक्के. ग्रिड ०.४ वर आला तर हीच बस ०.५७ वर येईल. डिझेल बस मात्र जन्मभर १.१७ वरच. शिवाय सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात धूर जात नाही, त्याचं मोल वेगळं. ते कार्बनच्या रकान्यात शोधू नका.

आता गंमत बघा. बसमध्ये ४० माणसं धरली तर डिझेलवर माणशी किलोमीटरला २९ ग्रॅम, विजेवर २६. वाचले साडेतीन ग्रॅमच्या आत. एक पेट्रोल गाडी लिटरला १४ देते, किलोमीटरला १६५ ग्रॅम, सरासरी दीड माणूस, म्हणजे माणशी ११० ग्रॅम. गाडीतला माणूस बसमध्ये आला की ८४ ग्रॅम वाचतात. पंचवीस पट!

म्हणून बस कुठल्या इंधनावर धावते यापेक्षा ती किती मिनिटांनी येते हे कार्बनसाठी जास्त मोलाचं. थांब्यावर स्क्रीन लावून 'पुढची बस ३८ मिनिटांत' असं अचूक सांगितलं तर माणूस अचूकपणे रिक्षा पकडतो.

कटिंग

शेवटचं वाक्य फ्रेम करून डेपोत लावा.

पीक अवर

सिग्नल राहिले. गर्दीप्रमाणे वेळ बदलणारा सिग्नल चालला तर थांबून इंजिन जाळणं नक्की कमी होतं. पण तो गर्दी 'बघतो' कशाने? रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्याने किंवा खांबावरच्या कॅमेऱ्याने. मुंबईत वेटोळ्याचं आयुष्य पुढच्या खोदकामापर्यंत. पाण्याची लाईन, केबल, पर्जन्यवाहिनी, कुणीतरी कटर फिरवतोच. सेन्सर मेला की कंट्रोलर गुपचूप ठरलेल्या वेळापत्रकावर जातो, आणि कमांड सेंटरच्या नकाशावर तो ठिपका हिरवाच राहतो, कारण कंट्रोलर 'जिवंत' असतो. निविदेत दंडाची अट 'कंट्रोलर चालू' अशी असते, 'सेन्सर चालू' अशी नसते. तिथेच माशी शिंकते.

शिवाय रस्ता मोकळा झाला की त्यावर नवीन गाड्या येतात. दोन-तीन वर्षांत रांग पुन्हा तेवढीच.

ओला सुका

कचऱ्याचे ८ टक्के म्हणून सगळे पुढे गेले. थांबा जरा.

ओला कचरा डंपिंगवर दाबला गेला की हवेशिवाय कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या) ठरीव गुणांकांनी अन्नकचऱ्याचं गणित : कुजणारा कार्बन ०.१५, त्यातला निम्मा प्रत्यक्षात कुजतो, वायूत मिथेन निम्मा, गुणिले १६/१२. किलोमागे ५० ग्रॅम मिथेन. ढीग किती खोल आणि कसा रचलाय त्यावर ४० ते ५०. म्हणजे एक किलो ओल्या कचऱ्यामागे १.१ ते १.४ किलो.

शंभर घरांच्या सोसायटीत दिवसाला ६० किलो ओला निघाला तर वर्षाला २२ टन कचरा, २६ टन कार्बन. तोच आवारात नीट कुजवला तर आयपीसीसीच्याच गुणांकांनी थोडा मिथेन आणि थोडा नायट्रस ऑक्साइड धरून ४ टन. निव्वळ २२ टन वाचले, आणि त्यात एकही सेन्सर नाही.

आता 'स्मार्ट कंपोस्टर' नावाचं मशीन. २४ तासांत खत म्हणतात. ते खत नसतं, वाळवलेला कचरा असतो. ओल्या कचऱ्यात ७० टक्के पाणी. एक लिटर पाणी उडवायला भौतिकशास्त्रानेच ०.६३ युनिट लागतं, म्हणजे किलोला किमान ०.४४ युनिट, ०.३२ किलो कार्बन. प्रत्यक्षात याहून जास्तच. डंपिंगपेक्षा बरं, खड्ड्यापेक्षा वाईट. आणि तो भुसा कुंडीत घालून पाणी घातलं की पुन्हा कुजायला लागतो, बुरशी येते, झाड पिवळं पडतं.

हाताने करायचं तर तीन बादल्या ओल्याला एक बादली सुकी पानं किंवा लाकडाचा भुसा, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका, आठवड्यातून दोनदा वरखाली. तिसऱ्या दिवशी मधोमध हात घालवणार नाही इतकं तापलं पाहिजे. आंबूस वास आला तर हवा कमी पडतेय : पानं वाढवा, परता. पावसाळ्यात पानं ओली मिळतात म्हणून एप्रिल-मेमध्येच गोण्या भरून ठेवायच्या. हे विसरलं की जुलैमध्ये चिखल होतो, तक्रारी येतात आणि सगळा प्रकल्प बंद पडतो.

आकडेमोड

@ओला सुका, एक हरकत. तुमचा २६ टनांचा आकडा उघड्या डंपिंगसाठी. मुंबईचा बराच कचरा कांजूरमार्गला बायोरिॲक्टर पद्धतीने (बंदिस्त भरावात मुद्दाम लवकर कुजवून) जिरवतात. तिथे वायू ओढून घेतला जातो असं धरलं तर आकडा बराच उतरेल.

ओला सुका

मान्य, उतरेल. पण किती, ते वायू ओढायच्या विहिरी भरावावर झाकण घालायच्या आधी लागतात की नंतर यावर ठरतं. अन्नकचरा लवकर कुजतो, आपल्या दमट उकाड्यात तर फारच. विहिरी सुरू होईपर्यंत त्यातला बराच मिथेन निसटलेला असतो. निम्मा वायू पकडला असं उदारपणे धरलं तरी २६ चे १३ राहतात, आवारातल्या खताचे ४. देवनारला तर १९२७ पासूनचे थर आहेत. तिथे २०१६ मध्ये आगी लागल्या तेव्हा हा वायू नाकानेच मोजता येत होता.

गच्ची

सौरवाले गप्प का, म्हणून मीच आलो. सात मजली, २८ घरांची इमारत, गच्ची ३५०० चौरस फूट. टाकी, लिफ्टची खोली आणि शेजारच्या मनोऱ्याची सावली सोडून निम्मी उरते. किलोवॅटला १०० चौरस फूट धरून आरामात १५ किलोवॅट. मुंबईत किलोवॅटला वर्षाकाठी १४०० युनिटांच्या आसपास, म्हणजे २१ हजार युनिट, १५ टन. लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे यांचं सामायिक मीटर जवळपास निघून जातं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४) सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार अनुदान आहे.

पण ४० मजली मनोऱ्याची गच्चीही साधारण तेवढीच, आणि खाली १६० घरं. तिथे सौर म्हणजे शोभेला.

किनाऱ्याजवळ सांगाडा हॉट डिप गॅल्वनाइज्ड घ्या, जस्ताचा थर ८० मायक्रॉन, नटबोल्ट स्टेनलेस. नुसता रंग मारलेला लोखंडी सांगाडा पाच पावसाळ्यांत सुटतो. आणि कबुतरांसाठी पॅनेलखाली जाळी पहिल्याच दिवशी लावा.

सातवा मजला

अवांतर : कबुतरांवर वेगळा धागा काढा. इथे काढला तर पाचशे प्रतिसाद होतील आणि कार्बन बाजूला राहील.

४०० केव्ही

सगळ्यांनी ०.७२ हा आकडा देवासारखा धरलाय, म्हणून थोडं त्यामागचं.

मुंबईला पहिली मोठी वीज १९१५ मध्ये खोपोलीच्या पाण्यातून मिळाली. मुंबईच्या हवामान आराखड्याच्या वेळी मात्र शहराच्या विजेत कोळशाचा वाटा ९५ टक्क्यांच्या घरात होता. याला एक कारण तारांचं. तिन्ही बाजूंनी पाणी, उत्तरेला जंगल, त्यामुळे बाहेरून वीज आणायच्या वाटा मोजक्याच. वाटा भरल्या की ट्रॉम्बे आणि डहाणूचे कोळशाचे संच चालवणं भाग पडायचं, बाहेर स्वस्त सौर वीज असली तरी. १२ ऑक्टोबर २०२० ला दिवसाढवळ्या मुंबई अंधारात गेली तेव्हा ही अडचण सगळ्यांना दिसली. खारघर-विक्रोळी ४०० केव्हीची लाईन आणि कुडूस-आरे ही १००० मेगावॅटची एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या एकदिश विजेची) वाट यासाठीच. यांना कुणी 'स्मार्ट सिटी' म्हणत नाही. पण शहराच्या प्रत्येक युनिटचा कार्बन ठरवण्यात या दोन वाटांचा हात सगळ्या कमांड सेंटरांपेक्षा मोठा.

उलटंही लक्षात ठेवा. ग्रिड जसा स्वच्छ होईल तशी एलईडीची, सौरची, व्हॉल्व्हची, सगळ्यांची टनांतली बचत कमी दिसायला लागेल. दहा वर्षांची बचत आजच्या ०.७२ ने गुणून दाखवणारा अहवाल फुगवलेला समजा.

खडी आणि सिमेंट

कुणीच बांधकाम धरलं नाही म्हणून लिहितो. एक किलोमीटर रस्ता, ७ मीटर रुंद, वरचा थर ३०० मिलिमीटर एम-४० काँक्रिट : २१०० घनमीटर. साध्या सिमेंटचं असेल तर घनमीटरला साधारण ३५० किलो. ७३५ टन, खालचा थर वेगळाच. म्हणजे १४३० दिव्यांची वर्षभराची बचत एका किलोमीटरने गिळली.

भट्टीची स्लॅग घालून निम्मं सिमेंट कमी केलं तर आकडा बराच खाली येतो. मात्र सुरुवातीची ताकद उशिरा येते, क्युरिंग जास्त दिवस लागतं, रस्ता लवकर खुला करायचा दबाव असतो, म्हणून साइटवर नको म्हणतात. आणि हा कार्बन मुंबईच्या यादीत दिसतही नाही, कारण सिमेंट दुसऱ्या जिल्ह्यात भाजलं गेलं.

आकडेमोड

बरोबर. शहरांच्या यादीचा जो जागतिक नियम आहे त्यात मूळ पातळीवर शहरात जाळलेलं इंधन, शहरात वापरलेली वीज आणि शहराचा कचरा एवढंच सक्तीचं. विमानाचा लांबचा प्रवास, बाहेरून आलेलं सिमेंट-पोलाद त्यात नाही. माणशी १.८ टन वाचून खूश होण्याआधी हे बघावं. शिवाय निम्म्या शहराकडे एसी लावायला भिंत धड नाही, तेही त्या १.८ मध्येच आहे. त्याला कार्यक्षमता म्हणायचं का हे ज्याचं त्याने ठरवावं.

फीडर पिलर

कॅमेरेही जोडा. कॅमेरा, स्विच आणि त्याच्या वाट्याचं साठवण मिळून २० वॅट, चोवीस तास. वर्षाला १७५ युनिट, १२६ किलो. दहा हजार कॅमेरे म्हणजे १२६० टन, २४५० दिव्यांची बचत त्यात गेली. सुरक्षेसाठी लावा, जरूर लावा. कार्बनच्या पुस्तिकेत त्यांचा फोटो कशाला?

वरळीचा वारा

अपेक्षेपेक्षा फारच घसघशीत. मग मूळ प्रश्नाकडे : ठाणे आणि कल्याण-डोंबिवली मिशनमध्ये होती, मुंबई-नवी मुंबई नव्हती. हवा एक, लोकल एक, ग्रिड एक. तुलना करून परिणाम काढता येईल का?

आकडेमोड

कल्पना चांगली, आकडे अडतील. आपल्याकडे उत्पन्न जिल्हावार निघतं, शहरवार नाही. ठाणे जिल्ह्याच्या उत्पन्नात ठाणे, कल्याण आणि नवी मुंबई तिन्ही आहेत, म्हणजे 'आलेली' आणि 'न आलेली' एकाच पातेल्यात. शिवाय मिशनमधला मोठा पैसा शहरातल्या एका निवडक भागात गेला. अख्ख्या शहराच्या बेरजेत तो दिसणार कसा?

करायचंच असेल तर शहर सोडा, फीडर (उपकेंद्रातून एका भागाला वीज नेणारी लाईन) धरा. ज्या भागात काम झालं तिथल्या वीज फीडरची महिनावार युनिटं, काम सुरू होण्याआधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन. शेजारचा तसाच, काम न झालेला भाग सोबत. तापमानाची दुरुस्ती करा, नाहीतर गरम मे महिन्याचं खापर योजनेवर फुटेल. २०२०-२१ वगळा, तेव्हा कार्यालयं बंद आणि घरं चालू होती. आणि दोन्ही भागांच्या रेषा कामाआधी समांतर होत्या का ते पहिल्यांदा बघा. नसतील तर पुढचं गणित करूच नका.

वरळीचा वारा

आणि उद्या एखाद्या प्रभागाला दहा कोटी मिळाले तर आधी कशावर घालाल? प्रत्येकी एका ओळीत.

चिलर (चिल्लर नव्हे)

महापालिकेच्या स्वतःच्या रुग्णालयांचे आणि कार्यालयांचे चिलर प्लांट : व्हॉल्व्ह, कॉइलची सफाई, सेन्सर, आणि रोज नोंद ठेवणारा एक पगारी माणूस.

ओला सुका

गोण्यांतली सुकी पानं आणि ती परतणाऱ्याचा पगार.

डबलडेकर

बसची मार्गिका, रंगवलेली नव्हे, कठडा घातलेली.

खडी आणि सिमेंट

चांगला रस्ता न उखडणं. खर्च शून्य, दहा कोटी परत.

फीडर पिलर

मी एक रुपया खर्च करण्याआधी भरदुपारी बारा वाजता प्रभागातल्या प्रत्येक स्ट्रीटलाइट पेटीचं मीटर बघेन. रीडिंग हलत असेल तर दिवे दिवसा जळताहेत. बहुतेकदा कॉन्टॅक्टर (दिवे चालू-बंद करणारा विजेवरचा मोठा स्विच) चिकटलेला असतो. नियंत्रण यंत्रणा 'बंद' असा आदेश देते, आदेश गेल्याची नोंदही होते, पण चिकटलेल्या पट्ट्या सुटत नाहीत. कधी मोडेमच्या सिमला रेंज नसते, कधी पावसात पेटीचं दार उघडं राहून घड्याळ पुसलं गेलेलं असतं. एका पेटीवर ४० दिवे, ११० वॅट, दिवसाचे साडेबारा तास : रोज ५५ युनिट, महिनाभरात एक टनाच्या वर. कॉन्टॅक्टर बदलायला अर्धा तास लागतो. आधी मेन बंद करा, टेस्टरने नव्हे तर मीटरने सप्लाय नाही ना बघा, मग हात घाला.

कटिंग

आमच्या गल्लीतला दिवा गेला महिनाभर दिवसा चालू आणि रात्री बंद आहे. हा कार्यक्षमतेत धरायचा की संपात?

फीडर पिलर

@कटिंग, त्यात टायमरचे सकाळ-संध्याकाळ उलटे बसलेत. खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो घेऊन तक्रार करा. शहरात असाल तर बेस्टकडे, उपनगरात अदानीकडे, भांडुप-मुलुंडला महावितरणकडे. नंबर नसेल तर समोरच्या दुकानाचा पत्ता द्या, 'गल्लीतला तिसरा दिवा' असं लिहू नका.